दोन खोकी आणि मधोमध बसलेला गायक

एम.एस्सी. फिजिक्स झालेल्या माणसाला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "पीएचडी कधी संपणार?" आणि दुसरा, "स्पीकर कोणते घेऊ?" पहिल्याला मी हसून बगल देते. दुसरा प्रश्न मात्र अलीकडे बदललाय. पूर्वी लोक विचारायचे, "बास कसा आहे?" आता रिव्ह्यूचे व्हिडिओ बघून विचारतात, "साउंडस्टेज रुंद आहे का?"

साउंडस्टेज म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत सांगते. चांगल्या स्टिरिओसमोर बसून डोळे मिटले की आवाज दोन खोक्यांतून येतोय असं वाटत नाही. समोर एक मंच उभा राहतो. गायिका मधोमध, तबला एका बाजूला, हार्मोनियम दुसऱ्या बाजूला, तानपुरे थोडे मागे. तिथे काहीही नसताना तिथे कोणीतरी बसलंय असं वाटतं. हा भास जितका रुंद, खोल आणि खरा, तितका साउंडस्टेज चांगला, असं दुकानदार म्हणतात.

आता तुमच्यातले बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, कोणी संशोधन प्रस्ताव लिहिताय. म्हणून मला "कोणते स्पीकर घेऊ" हा प्रश्न तुमच्यासमोर वेगळ्या कारणासाठी ठेवायचाय. "रुंद" आणि "खरा" हे दोन शब्द ऐकायला सोपे वाटतात, पण त्यांचं मोजता येईल अशा प्रश्नात रूपांतर व्हायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. कशी, ते बघू. शेवटी आपल्या उपनगरातल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये येऊ, कारण खरी परीक्षा तिथेच आहे.

सुरुवात लॉर्ड रॅलेपासून. १८७० च्या दशकात त्यांनी घराच्या हिरवळीवर एक अगदी बिनखर्चाचा प्रयोग केला. स्वतः डोळे मिटून मध्ये उभे राहिले, सभोवती माणसं उभी केली, आणि आवाज कोणत्या दिशेने आला ते ओळखायला लागले. माणसाचा आवाज सहज ओळखता यायचा. ट्यूनिंग फोर्कचा शुद्ध स्वर असेल तर डावं-उजवं कळायचं, पण पुढचं आणि मागचं यात गफलत व्हायची. डावं-उजवं कसं कळतं? सरळ उत्तर असं की डोकं मध्ये येतं, लांबच्या कानावर सावली पडते, तिथे आवाज कमी पोचतो. पण इथे एक गाठ होती. १२८ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साधारण पावणेतीन मीटर. आपलं डोकं जेमतेम १८ सेंटिमीटर. एवढ्या मोठ्या लाटेला एवढंसं डोकं काय सावली पाडणार? तरीही दिशा कळत होतीच.

ही गाठ सुटायला १९०७ साल उजाडलं. रॅलेंनी दाखवलं की खालच्या स्वरांसाठी कान वेळेतला, म्हणजे फेजचा फरक वापरतो आणि वरच्या स्वरांसाठी तीव्रतेतला. दोन कानांमधला हा वेळेचा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतकाच असतो. पहिला प्रयोग आणि हे उत्तर यांच्यामध्ये तीस वर्षं आहेत, आणि त्या तीस वर्षांत रॅले इतर शंभर गोष्टी करत होते. गाइडने "प्रश्न बाजूला ठेव, पण वहीत लिहून ठेव" असं सांगितलं तर नाराज होऊ नका, एवढंच म्हणते.

दोन कानांना दोन वेगळे आवाज पोचवायचे, ही कल्पना मात्र त्याआधीच प्रत्यक्षात आली होती. १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या मंचावर टेलिफोनचे ट्रान्समीटर लावले आणि लांबच्या खोलीत लोकांना दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावून गाणं ऐकवलं. गायक मंचावर चालताना ऐकणाऱ्यालाही तो चालताना जाणवायचा. आजच्या भाषेत हे हेडफोन झाले. स्पीकरचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तो सोडवायला १९३० च्या दशकात दोन गट दोन वेगळ्या दिशांनी निघाले. या लेखाचा गाभा तोच आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

अमेरिकेत बेल लॅबमध्ये हार्वी फ्लेचर आणि त्यांचे सहकारी असा विचार करत होते: वाद्यवृंद आणि श्रोते यांच्यामध्ये एक पडदा आहे असं समजा. त्या पडद्यावर असंख्य मायक्रोफोन लावले, आणि दुसऱ्या सभागृहात तशाच पडद्यावर तितकेच स्पीकर लावले, तर मूळ ध्वनिलहर जशीच्या तशी पुन्हा तयार होईल. मग श्रोता कुठेही बसला तरी चालेल. असंख्य मायक्रोफोन परवडणारे नव्हते. मग कमी करत करत किती कमी चालतील हे त्यांनी तपासलं आणि तीनवर आले: डावा, मधला, उजवा. २७ एप्रिल १९३३ ला फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवला गेला. संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वाद्यवृंदाजवळ नव्हतेच, ते वॉशिंग्टनला बसून कंट्रोलची बटणं फिरवत होते.

इंग्लंडमध्ये ईएमआयचे इंजिनिअर अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी प्रश्नच वेगळा धरला. लहर पुन्हा तयार करायची नाही, कानाला चकवायचं. १४ डिसेंबर १९३१ ला त्यांनी दाखल केलेलं पेटंट आजही वाचण्यासारखं आहे. त्यातली खरी मेख अशी की स्पीकर हेडफोनसारखे नसतात. डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानाला तर जातोच, पण डोक्याला वळसा घालून थोड्या उशिरा उजव्या कानालाही जातो. उजव्याचंही तसंच. म्हणजे दोन्ही कानांना दोन्ही स्पीकर ऐकू येतात. ब्लमलाइन यांनी दाखवलं की दोन स्पीकरमध्ये फक्त तीव्रतेचा फरक ठेवला, तर या सरमिसळीमुळे खालच्या स्वरांसाठी कानांपाशी आपोआप वेळेचा फरक तयार होतो. रॅलेंना जो फरक सापडला होता, तोच! डाव्या स्पीकरला जरा जास्त आवाज दिला की गायक डावीकडे सरकतो. आज प्रत्येक मिक्सरवर जी पॅनची कळ असते, तिच्यामागचं तत्त्व हेच.

१९३५ मध्ये ब्लमलाइन यांच्या गटाने या पद्धतीने काही चाचणी-चित्रफिती केल्या. त्यातली एक आहे हेस स्टेशनवरून जाणाऱ्या आगगाड्यांची. ईएमआयच्या इमारतीवरून दिसणारी गाडी पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते आणि तिच्याबरोबर आवाजही सरकतो. मुलुंडकरांना यात काय नवल, आम्ही रोज फास्ट लोकल डावीकडून उजवीकडे जाताना ऐकतो. पण विचार करा, चाचणीसाठी याहून चांगली वस्तू कोणती? मार्ग सरळ, वेग बराचसा एकसारखा, आवाज भरपूर, आणि उत्तर डोळ्यांना दिसतंय. प्रयोगासाठी नमुना निवडताना हे निकष लक्षात ठेवा. ब्लमलाइन १९४२ मध्ये रडारच्या चाचणीच्या विमान अपघातात गेले. त्यांच्या पेटंटमधली, एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरण्याची कल्पना घराघरांत पोचली ती १९५७-५८ मध्ये, स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्यावर.

तर हे दोन वारसे आहेत. सिनेमागृहाने बेल लॅबचा मधला स्पीकर ठेवला. घराने ब्लमलाइन यांची दोन खोकी घेतली. आणि घराने त्यात एक अट गपचूप स्वीकारली, जी ब्रोशरवर कोणी छापत नाही: ऐकणारा दोन्ही स्पीकरपासून समान अंतरावर हवा. एका स्पीकरच्या तुम्ही ३५ सेंटिमीटर जवळ सरकलात की त्याचा आवाज साधारण एक मिलिसेकंद आधी पोचतो, आणि मेंदू आधी आलेल्या आवाजाच्या बाजूने कौल देतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात (हो, पीएचडीच्या प्रबंधात) आधी आणि नंतर येणाऱ्या आवाजांचं हे गणित नीट मांडलं. परिणाम असा की सोफ्यावर तिघं बसले असतील तर मंच फक्त मधल्याला दिसतो. कडेला बसलेल्या आईला सगळी मैफल एका खोक्यात कोंबलेली ऐकू येते. घरगुती स्टिरिओ ही मुळात एकट्या माणसासाठी बनलेली वस्तू आहे आणि आपल्याकडचा हॉल कधीच एकट्याचा नसतो.

आता मुंबईत येऊ. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' प्रदर्शित झाला. चित्रण ३५ मिलिमीटरवर झालं होतं, पण त्यावरून ७० मिलिमीटरच्या प्रिंट्स बनवल्या गेल्या आणि त्यांचं स्टिरिओचं काम लंडनला झालं. ध्वनिमिश्रणाशी जोडलेलं नाव आपल्या ओळखीचं आहे, मंगेश देसाई. व्ही. शांताराम यांच्या परळच्या राजकमल कलामंदिरमध्ये त्यांनी हिंदी-मराठी सिनेमाच्या आवाजावर जे काम केलं, त्यावर एक स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा. कोणी विषय शोधत असेल तर घ्या. ७० मिलिमीटरच्या प्रिंटवर चुंबकीय पट्ट्यांमध्ये सहा ट्रॅक बसत: पाच पडद्यामागच्या स्पीकरसाठी, एक प्रेक्षागृहासाठी. लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात हा सिनेमा पाच वर्षांहून जास्त चालला. बोरिवलीहून, घाटकोपरहून माणसं लोकल धरून तिथे जात. पण देशात बहुतेक ठिकाणी लोकांनी पाहिला तो ३५ मिलिमीटरचा साधा, एका स्पीकरचा 'शोले'. म्हणजे एकाच सिनेमाचे दोन वेगळे ध्वनी-अनुभव एकाच वेळी चालू होते.

या सिनेमाचा एक किस्सा सगळ्यांनी ऐकलेला असतो. जय नाणं उडवतो, ते खाली पडल्याचा आवाज येतो आणि मिनर्व्हातले प्रेक्षक खुर्चीखाली वाकून नाणं शोधायला लागतात. किस्सा झकास आहे. संशोधक म्हणून त्याचं काय करायचं? फेकून द्यायचा नाही, आणि पुरावा म्हणून प्रबंधातही घालायचा नाही. त्याला प्रश्न विचारायचे. नाण्याचा आवाज म्हणजे उंच कंप्रतेचा, एकदम सुरू होऊन एकदम थांबणारा. असा आवाज कानाला दिशा ओळखायला सगळ्यात सोपा. त्यामुळे किस्सा अशक्य नाही. पण पडद्यामागचा स्पीकर खुर्चीखाली आवाज नेऊ शकत नाही, तो प्रेक्षागृहातल्या स्पीकरकडूनच यायला हवा. तसं असेल तर नाणं तुमच्या रांगेत पडलं असं प्रत्येक रांगेला वाटेल का? नाण्याचा आवाज कोणत्या ट्रॅकवर होता? हे प्रिंट तपासून ठरवता येईल असं आहे. आठवणींच्या इतिहासातून तपासण्याजोगा प्रश्न असा बाहेर काढतात.

(योगायोग बघा. ज्या लॅमिंग्टन रोडवर लोक स्टिरिओ म्हणजे काय ते ऐकायला जात, त्याच रस्त्यावर अ‍ॅम्प्लिफायरचे सुटे भाग घ्यायलाही जात.)

आता "खरा" या शब्दाकडे. साउंडस्टेज खराखुरा वाटतो म्हणजे कशासारखा वाटतो? पाश्चात्त्य लेखनात उत्तर ठरलेलं असतं: सभागृहात मायक्रोफोनशिवाय वाजणाऱ्या वाद्यवृंदासारखा. तो मंच खरोखरच पंधरा-वीस मीटर रुंद असतो, म्हणून रुंदी हा गुण. आपला संदर्भ कोणता? मुलुंडच्या कालिदासमध्ये किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात तुम्ही गाणं ऐकता तेव्हा आवाज गायकाच्या तोंडून येत नाही, मंचाच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून येतो, आणि बऱ्याचदा दोन्हीकडे एकच सिग्नल असतो. म्हणजे आपण जिला प्रत्यक्ष मैफल म्हणतो ती ध्वनीच्या दृष्टीने मोनो असते! संगीत नाटकांच्या ऐन काळात असं नव्हतं. बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला असायचा, आणि आवाज ज्याच्या त्याच्या जागेवरून यायचा. तो अनुभव घेतलेला कान आज शोधूनही सापडायचा नाही.

उरते घरगुती बैठक. तिथली रचना रूढ आहे: गायकाच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला हार्मोनियम, मागे तानपुरे. समोरून बघणाऱ्याला तबला डावीकडे दिसतो. सगळी मंडळी मिळून दोन-अडीच मीटरची जागा व्यापतात. म्हणजे बैठकीचा खरा मंच तुमच्या दोन स्पीकरमधल्या अंतराएवढाच आहे! जो स्पीकर हीच बैठक हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरवतो, तो जास्त खरा नाही, जास्त खोटा आहे. माझं याबाबतीत ठाम मत आहे. हल्लीच्या काही रेकॉर्डिंगमध्ये दाया एका टोकाला आणि बाया दुसऱ्या टोकाला ठेवलेला असतो. ऐकायला भव्य वाटतं, पण त्या हिशेबाने तबलजीचे हात सात फुटांचे असायला हवेत. इथे दोष स्पीकरचा नाही, मिक्सिंगचा आहे, आणि महागडा स्पीकर तो दोष जास्त स्पष्टपणे ऐकवेल.

यातून एक फुकटची चाचणी मिळते. केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत (व्हॉयेजर यानाबरोबर १९७७ मध्ये गेलेली त्यांची भैरवीसुद्धा). मोनो ध्वनिमुद्रण दोन स्पीकरवर लावलं तर दोन्हीकडून हुबेहूब एकच आवाज निघतो, आणि मधोमध बसलेल्याला आवाज बरोबर मधून, एका अरुंद खांबासारखा यायला हवा. तो धुरकट पसरला किंवा वरच्या सुरांना एका बाजूला झुकला तर समजायचं की जोडीतले दोन स्पीकर एकमेकांशी जुळत नाहीत, नाहीतर खोलीच्या दोन भिंती जुळत नाहीत. म्हणजे रुंद मंच हवा असेल तर पहिली चाचणी अरुंदपणाची घ्यायची. शोरूममध्ये हे लावायला सांगितलं की विक्रेता जरा विचित्र नजरेने बघतो. बघू दे.

खोलीचा विषय निघालाच आहे तर त्याचा इतिहासही थोडक्यात सांगते. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं एक व्याख्यानगृह इतकं घुमायचं की प्राध्यापकांचं बोलणं कळायचं नाही. वॉलेस सबाइन या तरुण शिक्षकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्यांनी रात्रीच्या शांततेत शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद. गाद्या वाढवत गेलं की वेळ कमी. पहाटेपर्यंत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषतात हे लक्षात आल्यावर ते प्रयोगाला ठरावीक कपडे घालूनच बसायला लागले. कंट्रोल म्हणजे काय हे कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते.

सबाइन यांचं सूत्र वापरून आपला हॉल बघू. दहा बाय बारा फूट, उंची नऊ फूट. म्हणजे ३.०५ बाय ३.६६ बाय २.७५ मीटर. आकारमान साधारण ३१ घनमीटर, भिंती-फरशी-छत मिळून क्षेत्रफळ साधारण ५९ चौरस मीटर. सिमेंटचा गिलावा, व्हिट्रिफाइड टाइल्स, स्लॅब, म्हणजे सरासरी शोषण पाच टक्के धरा. घुमण्याचा वेळ येतो जवळजवळ १.७ सेकंद. पझेशन मिळालेल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवून बघितली असेल तर हे तुम्ही ऐकलंय. सोफा, पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं उघडं रॅक आलं, एकूण शोषण १० चौरस मीटरपर्यंत गेलं, की तोच वेळ अर्ध्या सेकंदावर येतो. एवढा सुधार दहा हजार रुपये जास्तीचा स्पीकर घेऊन होत नाही.

गंमत अशी की सबाइन यांचं शोषणाचं एकक होतं उघडी खिडकी. एक चौरस मीटर उघड्या खिडकीतून जितका आवाज बाहेर जातो आणि परत येत नाही, तितकं एक एकक. आपल्या सव्वा मीटर बाय सव्वा मीटर खिडकीची पूर्ण उघडझाप म्हणजे दीड एकक, म्हणजे रिकाम्या खोलीच्या एकूण शोषणाच्या निम्मं! पण ती उघडली की रिक्षा, प्रेशर हॉर्न, आणि घाटकोपरला असाल तर उतरणारं विमान आत येतं. मंचाची खोली आपल्याला कळते ती बऱ्याच अंशी ध्वनिमुद्रणातल्या बारीक विरत जाणाऱ्या आवाजावरून, आणि बाहेरचा गोंगाट नेमका त्यालाच आधी गिळतो. कायद्याने निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तुमच्या खिडकीत रात्री अकरा वाजता प्रत्यक्ष किती आहे, ते मोबाइलवर मोजून बघा.

खालच्या स्वरांचं दुखणं वेगळं. समांतर भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी बसली की तो स्वर खोलीत अडकतो आणि फुगतो. मुंबईच्या तीस अंशांत आवाजाचा वेग सेकंदाला ३४९ मीटर. बारा फुटांच्या बाजूला ४८ हर्ट्झ, दहा फुटांच्या बाजूला ५७, उंचीला ६३. तीनही एकमेकांच्या शेजारी, म्हणजे तिथे गठ्ठा होतो. आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून ७० सेंटिमीटर पुढे ओढला तर १२५ हर्ट्झच्या आसपास भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला खाऊन टाकतो. नेटवर "स्पीकर भिंतीपासून लांब ठेवा" असं जे सांगतात ते मोठ्या घरांसाठी आहे. आपल्याकडे लांब ठेवायला जागा नाही आणि अर्धवट लांब ठेवलं तर १२५ चा खड्डा पडतो.

अशा खोलीसाठी बनलेला स्पीकर इतिहासात आहे, आणि तो अपघाताने बनला. बीबीसीच्या संशोधन विभागात स्टुडिओची एक-अष्टमांश मापाची मॉडेल बनवून त्यात ध्वनीचे प्रयोग चालायचे. त्या छोट्या मॉडेलमध्ये ठेवायला एक छोटा, अचूक स्पीकर लागला म्हणून त्यांनी तो बनवला. ऐकल्यावर लक्षात आलं की हा तर खराच चांगला वाजतोय. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी जाणाऱ्या गाड्यांमध्ये जागा कमी असते, तिथे हा वापरू. त्यातून एलएस-थ्री-फाइव्ह-ए आला आणि १९७६ मध्ये त्यावर बीबीसीचा अहवाल निघाला. गाडीच्या केबिनसाठी केलेली वस्तू. बास फार नाही, फार मोठ्याने वाजत नाही, पण जवळून ऐकलं तर मधला गायक जागच्या जागी. आपला हॉल त्या केबिनपेक्षा फार मोठा नाही, हे लक्षात घ्या. उलट पुण्याच्या केडन्स कंपनीने बनवले तसे इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याचे स्पीकर आवाज मागेही फेकतात, त्यांना मागे मोकळी जागा लागते. महाराष्ट्रातलं एवढं चांगलं काम, पण ते दहा बाय बारासाठी नाही.

मग आवडीचं काय? "माझ्या कानाला हा बरा वाटला" याला विज्ञानात किती वजन? कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी हाच प्रश्न घेऊन वर्षानुवर्षं काम केलं आणि १९८५-८६ मध्ये ते छापलं. स्पीकर पडद्याआड, आवाजाची पातळी सारखी, क्रम बदलता, श्रोत्याला नाव माहीत नाही. असं केल्यावर ज्यांची श्रवणशक्ती ठीक आहे त्यांची मतं आश्चर्यकारकरीत्या जुळली. आवडलेल्या स्पीकरचा समोरचा आवाज सपाट होता, आणि बाजूला जाणारा आवाजही गुळगुळीत, समोरच्यासारखाच. दुसरा निष्कर्ष मला जास्त मजेशीर वाटतो. एकच स्पीकर लावून, म्हणजे मोनोत, लोक जास्त काटेकोर परीक्षक असतात. स्टिरिओ चालू केला की कमजोर स्पीकरही बाकीच्यांच्या जवळ येतो, कारण रुंदीचा बराचसा भाग ध्वनिमुद्रणातच असतो. १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा दाखवून आणि एकदा लपवून ऐकवले. दिसत असताना गुण बदलले.

बाजूला जाणारा आवाज एवढा महत्त्वाचा का, हे आपल्या हॉलमध्येच कळतं. स्पीकर बाजूच्या भिंतीपासून अर्धा मीटरवर, दोघांत दोन मीटर आणि तुम्हीही दोन मीटरवर. भिंतीवरून परतणारा आवाज थेट आवाजापेक्षा साधारण ०.६४ मीटर जास्त चालतो, म्हणजे १.८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. हास यांच्या हिशेबाने तो वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजात मिसळतो. पण तो बाजूने आलेला असतो, आणि बाजूने येणारी परावर्तनं आवाजाला रुंदी देतात हे मायकेल बॅरन यांनी १९७१ मध्ये सभागृहांच्या संदर्भात दाखवलं होतं. म्हणजे तुमच्या साउंडस्टेजचा एक भाग तुमची गिलावा केलेली भिंत बनवते. स्पीकर बाजूला जो आवाज फेकतो तो समोरच्यासारखा असेल तर भिंत मदत करते. नसेल तर भिंत दुसराच, बिघडलेला आवाज मिसळते. आणि एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पॅसेज असेल (बहुतेक घरांत असतंच), तर मंच एकीकडे झुकतो.

म्हणून मला कोणी विचारलं तर मी मॉडेलचं नाव सांगत नाही. आधी टेपने हॉल मोजायला सांगते. मग फक्त समोरचा नाही, बाजूचा प्रतिसादही छापलेल्या स्पीकरची यादी करायला. यादी लहान निघते, निम्मं काम तिथेच होतं. मग घरी आणून एक चादर आडवी टांगा, भावाला किंवा रूममेटला स्पीकर बदलायला सांगा, दोन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा, कारण जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच बरा वाटतो. आधी एकच स्पीकर लावून ऐका, मग केसरबाई दोन्हींवर, आणि स्टिरिओ सगळ्यात शेवटी. गुण ऐकताऐकता लिहा, नंतर आठवून नाही. रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक मापनाचा मायक्रोफोन विभागातून मागून आणता आला तर ४८, ५७ आणि ६३ तुम्हाला आलेखावर दिसतील.

यातून कोणाला लघुप्रकल्प करायचा असेल तर तबल्याचा प्रश्न मोकळा आहे. दाया-बायामधला कोन किती ठेवला की ऐकणाऱ्याला एकच माणूस वाजवतोय असं वाटतं, आणि कुठे गेल्यावर त्याचे दोन होतात? वीस श्रोते, एक पडदा, एक पॅनची कळ. तबला शिकलेले आणि न शिकलेले असे दोन गट करा, उत्तरं वेगळी येतील असा माझा अंदाज आहे. आणि वहीत प्रत्येक बैठकीच्या तारखेपुढे खिडकी उघडी होती की बंद, पंखा कितीवर होता, आणि खोलीत माणसं किती होती तेही लिहा.